घरमालकांचं नाक

बोईसरजवळ सालवडला राहायला आलो त्या वर्षी मी पाणी शुद्ध करायचं महागातलं यंत्र घेतलं आणि त्यातून थेंबथेंब गळणारं शुद्ध पाणी भंगारवाल्याकडून आणलेल्या निळ्या पिंपात साठवलं.

यात हसण्यासारखं काय आहे, ते बोईसरबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे निळं प्लास्टिकचं पिंप घरटी एक असतंच. कारखान्यात माल येतो तो या पिंपांतून. माल संपला की पिंप भंगारात जातं, भंगारवाला ते धुतो, आणि मग ते कुणाच्या तरी मोरीत येऊन बसतं. लोक त्यात कपड्यांचं, भांड्यांचं, संडासाचं पाणी भरतात. पिण्याचं पाणी, तेही आधी पैसे मोजून शुद्ध केलेलं, त्यात भरावं ही कल्पना सर्वस्वी माझी. यंत्राचा वेग कासवाचा, वीज केव्हा जाईल नेम नाही, म्हणून साठा हवा. पिंपाचं झाकण तर इतकं घट्ट बसायचं की मी बायकोला म्हणालो, "यात झुरळसुद्धा शिरणार नाही." नाहीच शिरलं. झुरळांना अक्कल असते.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा, पालघरच्या एका शाळेत. जल, नीर, उदक, तोय असे पाण्याचे प्रतिशब्द मी झोपेतही सांगेन. पाण्यात काय काय असतं, ते मात्र मला आमच्या घरमालकांनी शिकवलं.

त्यांना सगळी गल्ली काका म्हणायची. तारापूरकडच्या एका गावातून आलेला माणूस. उमेदीची सगळी वर्षं एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, आणि निवृत्त झाल्यावर सालवडला दोन मजली घर बांधून वरच्या आणि मागच्या खोल्या भाड्याने दिल्या. अंगात बाही दुमडलेला पांढरा सदरा, खाली चट्ट्यापट्ट्याची लुंगी. पण हे सगळं नंतर दिसायचं. आधी दिसायचं ते नाक. लांब, सरळ, टोकाला किंचित लालसर. दारातून काका आत यायच्या आधी ते आत येऊन पाहणी करून गेलेलं असायचं.

काका कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. प्यायला नव्हे. पेला काचेचाच लागे. तो आधी उजेडात धरायचा, मग मनगटाने हलकेच फिरवायचा, मग नाकाखाली नेऊन डोळे मिटायचे. या वेळी घरातल्यांनी बोलायचं नाही. पंखा चालू असेल तर तो बंद करायचा. मागे काकी उभ्या असायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. काका जातील तिथे काकी असत. मला वाटे, या वयात किती हा जिव्हाळा! मग डोळे उघडून काका निकाल देत. "चालंल." किंवा "कोलसा बदला फिल्टरचा." किंवा, फार वाईट असलं तर, "हे भांडी घासायला ठेवा, मानसाला नको."

आणि लोक ऐकत. नवीन बोअर मारली की नारळ फोडायला भटजी आणि वास घ्यायला काका. लग्नाचा स्वयंपाक धरला की आचारी आधी पेला घेऊन काकांकडे. बोईसरमध्ये पाणी तपासून देणारी प्रयोगशाळा आहे, बाटलीत नमुना नेऊन द्यायचा, चार दिवसांत कागद मिळतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या कागदातलं कळतं कुणाला? काकांचं "चालंल" सगळ्यांना कळायचं.

काकींना एक जुनाट खोकला होता. कोरडा, दोनदाच यायचा, तोही नेमका काका वास घेत असताना. मला त्यांची दया आली आणि मी पालघरहून अडुळशाची बाटली आणली. काकींनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कशाला हे मास्तर?"

"खोकल्याला, काकी. किती दिवस अंगावर काढणार?"

"पानी बरं असलं का नाय येत खोकला," त्या म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातात परत दिली. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "बिचाऱ्यांना पाण्याची ॲलर्जी आहे बहुतेक."

काकांचं पाण्याविषयीचं ज्ञान पक्कं होतं, त्यात खोट नव्हती. संध्याकाळी ओट्यावर बसले की ते मला शिकवत.

"मास्तर, पानी म्हंजे पेशंट. आदी रोग बघायचा, मंग दवा. गढूल हाय? तुरटी फिरवा, फडक्यानं गाला. जंतू हायत? उकला, नायतर क्लोरीनचे थेंब टाका. खारं हाय? तर तुमचं ते मशीन घ्या. वास येतो? कोलसा."

"आणि केमिकल असलं तर उकळायचं?"

"उकलून जंतू मरतात. केमिकल काय जितं हाय मरायला? उलट पानी आटतं आन् ते हाय तेवढंच राहतं. केमिकल असलं का नल बंद. दुसरीकडून पानी आना. त्याला घरात दवा नाय."

मी तेव्हा नवशिक्या उत्साहाने पाण्यातले क्षार मोजायचं एक पेन घेतलं होतं. बुडवलं की आकडा दाखवतं. मी त्याने नळाचं पाणी मोजलं, यंत्राचं मोजलं, शाळेतलं मोजलं, चहा मोजला आणि एकदा कोलंबीची आमटीही मोजली, त्यानंतर ते पेन स्वयंपाकघरात न्यायला मला बंदी झाली. काकांना ते पेन बघून हसू आवरेना.

"हे मीठ मोजतं, मीठ! उद्या तुमी गोड्या पान्यात रॉकेल ओता, हे बोलंल फस्कलास. जंतू सोडा, हे बोलंल फस्कलास. आन् आमच्या गावच्या विहिरीचं खारट पानी, ज्याच्यावर मी एवढा झालो, ते बघून हे रडंल."

"पण काका, यंत्राचं पाणी शुद्ध तर असतं."

"असतं. बिनमिठाचं कालवन पन शुद्धच असतं."

त्यांचा स्वतःचा फिल्टर म्हणजे एकावर एक तीन माठ. वरच्यात खडी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात पाणी. कोळसा ते दर अमावास्येला बदलत. त्याचं शास्त्र विचारलं तर म्हणत, "शास्त्र काय नाय. तारीख इसरते, अमावास्या इसरत नाय."

तर असा हा माणूस एका दुपारी एकटाच वर आमच्याकडे आला. काकी बाजारात गेल्या होत्या. मी उत्साहाने यंत्र दाखवलं आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. ती गेले काही दिवस कुरकुरत होती की पाण्याला कसलासा गोडसर वास येतो. मी तिला यंत्राचं माहितीपत्रक वाचून दाखवत होतो. आता निकाल लागणार होता.

काकांनी पेला फिरवला, डोळे मिटले. मी पंखा बंद केला. या वेळी त्यांना जरा जास्तच वेळ लागला. एकदा त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मागे भिंत होती.

"ए-वन!" काका म्हणाले.

मी बायकोकडे असं बघितलं की जणू यंत्राचा शोध मीच लावला होता. काका हात धुवायला मोरीकडे गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला.

"मास्तर! हे पिंप कसलं?"

"पिण्याच्या पाण्याचं," मी अभिमानाने म्हणालो.

काकांनी पिंप तिरकं केलं. मागच्या बाजूला अर्धवट खरवडलेली चिठ्ठी होती. ती त्यांनी वाचली, आणि त्यांचं नाक पहिल्यांदाच पांढरं पडलेलं मी बघितलं.

"ह्याच्यात काय यायचं, ठावं हाय? ह्याच्या झाकनाला आमी हातमोजे घातल्याबिगर हात नाय लावायचो. आन् तुमी पिताय? मास्तर हायत का मस्करी?"

"पण काका," माझी बायको म्हणाली, "तुम्ही आत्ता ए-वन म्हणालात."

काकांनी पिंप सरळ केलं. "वास आला होता. गोडसर. पन लोकाच्या घरी बसून एकदम कसं बोलायचं?"

ज्या माणसाने लग्नघरी, वरबापासमोर, "हे पानी भांडी घासायला ठेवा" म्हणून सांगितलं होतं, त्याला माझ्या घरी एकाएकी संकोच वाटला. मला यात काहीही खटकलं नाही. उलट मी भारावलो. बायकोने पिंप त्याच संध्याकाळी जिन्याखाली नेऊन उपडं केलं आणि स्टीलचा हंडा आणला. ती फक्त एवढंच म्हणाली, "गोडसर हा शब्द मी बोलले होते. त्यांच्यासमोरच, पाणी देताना."

या पिंपाचा एक परिणाम असा झाला की माझा स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडाला. पुढे घरात कसलाही वास आला की मला वाटे, पिंपाचाच, अंगात मुरलाय.

दिवाळीनंतर काकी दातिवऱ्याला माहेरी गेल्या. दरवर्षी जात. भावाची होडी होती, बोंबील वाळत घालायला माणसं कमी पडत. पण त्या वर्षी वहिनीचं ऑपरेशन निघालं आणि काकींचा मुक्काम लांबला. काका घरी एकटे. वास घ्यायचे कार्यक्रम त्यांनी जवळजवळ बंदच केले. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "सर्दी हाय." सर्दी महिनाभर टिकली.

त्याच दिवसांत आमच्या बोअरचं पाणी बदललं. पंप सुरू झाला की आंघोळीच्या बादलीतून नखं रंगवायच्या बाटलीसारखा वास यायचा. हलका, पण यायचा. कारण शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत भंगारवाला पिंपं धुवायचा आणि ते पाणी तिथेच मुरायचं, हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी म्हणे तेच, कुणी म्हणे जमिनीखालून आणखी लांबून येतंय. यातलं माझं योगदान म्हणजे, त्या भंगारवाल्याचं गिऱ्हाईक वाढवायला मी शाळेतल्या दोन शिक्षकांना त्याच्याकडे पाठवलं होतं.

मागच्या खोलीत एक तरुण जोडपं राहत होतं. तो कारखान्यात पाळीवर, ती घरी, आणि चार-पाच महिन्यांची मुलगी. तिला सगळे भाभी म्हणत. भाभीला दूध पुरत नव्हतं, म्हणून मुलीला पावडरचं दूध बाटलीने द्यावं लागे. नळ दिवसाआड यायचा आणि तोही घटकाभर, त्यामुळे ते दूध बोअरच्याच पाण्यात कालवलं जाई. यंत्र घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. मुलगी दूध ओकायला लागली. भाभी ओट्यावर काकांसमोर येऊन उभी राहिली, हातात पेला.

"चाचा, पानी में कुछ बास आती है क्या? आप देखो ना."

मी तिथेच बसलो होतो. काकांनी पेला घेतला, फिरवला, डोळे मिटले. बसल्या जागी मला त्या पेल्याचा वास येत होता.

"ठीक है," काका म्हणाले. "बारिश का मट्टी नीचे बैठा होगा. उबालके दो."

"उबालती तो हूँ, चाचा."

"और थोडा उबालो."

ती माझ्याकडे वळली. "भैया, आपको आती है?"

आणि मी, माझं नाक त्या वासाने चुरचुरत असताना, म्हणालो, "चाचा बोले ना ठीक है, तो ठीक है."

घरी बायको म्हणाली, "अहो, वास येतोय. मला येतोय, तुम्हालाही येतोय, सकाळी बादलीवर तोंड कसं केलं होतंत. जाऊन सांगा त्यांना."

"काय सांगू? ते आयुष्यभर केमिकलमध्ये राहिले. पिंपाच्या वेळी कोण बरोबर होतं?"

"मी," ती म्हणाली.

तरी मी यंत्रातल्या पाण्यात पेन बुडवून बघितलं. आकडा झकास आला. पेनाची टर उडवताना काकांनी मला काय सांगितलं होतं, ते त्या वेळी मला आठवलं नाही. बायकोने मात्र एक हंडा नळाचं पाणी भरून भाभीच्या दारात नेऊन ठेवला. पण नळाचा एक हंडा किती पुरणार?

काकी आल्या त्या एका सकाळी, रिक्षातून, डोक्याएवढं सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन. बाहेरून आलं की पायांवर पाणी घेतल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. फाटकाशी बोअरचा नळ होता. गाठोडं खाली ठेवून त्यांनी तांब्या भरला, पायांवर ओतला, आणि दुसरा तांब्या भरता भरता थांबल्या. तांब्या नाकाजवळ नेला. मग तो असा फेकला की फाटकावर आपटून थेट माझ्या स्कूटरखाली गेला. मी शाळेत निघालो होतो.

"हे पानी कोन पितंय?"

मागच्या खोलीतून भाभी मुलीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. काकी दोन पावलं पुढे गेल्या, मुलीच्या तोंडाशी वाकल्या, तिच्या झबल्याचा वास घेतला.

"ह्या पोरीला पाजता तुमी हे?"

"चाचा ने बोला ठीक है..." भाभी म्हणाली.

तोवर काका ओट्यावर आले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवराबायकोत इतक्या वर्षांत जे ठरलेलं असेल, ते त्या बघण्यात सगळं होतं. काकींनी खोकायचं की ओरडायचं एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्या ओरडून चुकल्या होत्या.

"अवो, पोरगी ओकतेय तुमच्या अंगनात," काकी आता हळू आवाजात म्हणाल्या. "आता तरी बोला."

वरच्या मजल्यावर माझी बायको कठड्याशी उभी होती. समोरच्या घरातले दोघं-तिघं फाटकाशी आले होते. त्यांच्यातल्या एकाची बोअर काकांनीच पास केली होती. काका गप्प राहिले असते तर काकींनी वेळ मारून नेली असती, असं मला आजही वाटतं. सर्दी होती, म्हणाल्या असत्या. लोकांनी मानलंही असतं.

काका ओट्यावरून खाली उतरले. आधी पंपाच्या पेटीकडे गेले, फ्यूज उपटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग भाभीसमोर येऊन उभे राहिले.

"बेटा, मेरेको बास नहीं आता," ते म्हणाले. "कंपनी में था तभी से. पहले थोडा गया, फिर सब गया. फूल का नहीं, मच्छी का नहीं, गॅस का भी नहीं. ये पीछे खाँसती थी, मैं बोलता था."

भाभीला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तिने फक्त विचारलं, "तो अब बच्ची को क्या दूँ?"

"मैं लाता है," काका म्हणाले आणि लुंगी खोचून निघालेच. तासाभरात टेम्पोतून पाण्याचे सीलबंद जार आले. पहिला जार मागच्या खोलीत गेला. दुसरा काकांनी आमच्या दारात आणून ठेवला आणि म्हणाले, "मशीनीला पन आराम द्या, मास्तर. तुमच्या मशीनीतला कोलसा कवाच मेला असंल." मग रिक्षा बोलावून ते भाभीला आणि मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेले. काकी उंबरा न ओलांडताच बरोबर गेल्या.

डॉक्टरांनी पाणी बदला म्हणून सांगितलं, औषध दिलं. आठवडाभरात मुलीचं दूध टिकायला लागलं, आणि पुढे ती अशी बाळसेदार झाली की भाभी तिला कडेवर घेताना कण्हायची. नमुना काकांनी स्वतः नेला. काचेची स्वच्छ बाटली, नळ आधी बराच वेळ वाहू दिलेला, बाटली काठोकाठ, झाकण लगेच. "पिण्यास अयोग्य" असा कागद आला. तो त्यांनी फाटकावर चिकटवला, स्वतःच्या घराच्या फाटकावर, आणि बोअरच्या नळाला तार गुंडाळली. मग आधी पास केलेल्या एकेका घरी जाऊन, "माज्यावर नका जाऊ, तपासून घ्या," असं सांगत फिरले. काही जण हसले. एका आचाऱ्याने त्यांना चहाही विचारला नाही.

वास घ्यायचा कार्यक्रम मात्र बंद पडला नाही. लोकांना सवय होती. पुढे लोक बोलवत ते काकींना. काकी पुढे, काका मागे. काकी पेला नाकाशी नेत आणि एका शब्दात सांगत. काका मागून नाकाचा काही संबंध न ठेवता रोग आणि दवा समजावत. हे खारं, ह्याला मशीन. हे गढूळ, ह्याला तुरटी. आणि शेवटी दोघंही म्हणत, तरी बाटली भरून तपासायला न्याच. हे जास्त चांगलं चाललं. पण काका पेला फिरवायचे ते काही सुटलं नाही. पाणी नसलं तरी रिकाम्या हाताचं मनगट फिरायचं.

एकदा दोघं आमच्याकडे चहाला आले होते. बायकोने बोंबलाची चटणी केली होती आणि काका ती भाकरीबरोबर, वास नसताना, निव्वळ तिखटाच्या आधारावर खात होते. मला कधी गप्प बसावं हे कळत नाही. मी विषय काढला.

"काकी, रागावू नका, पण एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही लपवलंत कसं? मी तुमच्या डोक्यावर राहतो, रोज ओट्यावर बसतो. मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

काका घास चावत राहिले. काकींनी बशी खाली ठेवली, पदराने ओठ पुसले, आणि माझ्याकडे बघितलं. भाभीने ओट्यावर मला वासाचं विचारलं तेव्हा त्या दातिवऱ्याला होत्या, पण सगळं ऐकून असाव्यात.

"ह्यांचं नाक कंपनीनं खाल्लं, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमचं कोनी खाल्लं?"